आटपाडीचा हात

आटपाडीत, माझ्या ओट्याशी उभी राहून मी येवल्याच्या पैठणीचा काठ बोटांनी चाचपला, ती दुपार मला लख्ख आठवते. समोर साडी नव्हती. शाळेच्या वहीएवढी एक करडी पाटी होती, भाचीनं पुण्याहून पाठवलेली. तिच्यावर बोट ठेवलं तर आधी जरीचा ताठपणा लागला, मग सुळकन रेशीम. दचकून बोट उचललं. पाटी कोरडी, सपाट, काही घडलंच नसल्यासारखी. पुन्हा ठेवलं, पुन्हा रेशीम. त्या दिवशी दोनदा दूध उतू गेलं.

मला त्याचं एवढं अप्रूप का वाटलं, ते सांगते. मी अडतीस वर्षं पोस्टात काढली. पहिली नेमणूक झाली तेव्हा बायका जाहिरात बघून व्ही.पी.नं, म्हणजे पार्सल सोडवताना पैसे भरून, साड्या मागवत. पार्सल कापडात शिवलेलं, लाखेच्या सीलचं. आमच्या खिडकीपाशीच उकलायच्या. चित्रात जी साडी झुळझुळीत दिसली होती ती हाताला पत्र्यासारखी लागायची आणि बाईचं तोंड उतरायचं. पुढं संगणक आले, मोबाइल आले, सगळं जग मोबाइलवर विकायला लागलं. तरी ते उतरलेलं तोंड मी निवृत्त होईपर्यंत बघत होते. सगळं दिसत होतं, लागत काहीच नव्हतं. ही पाटी आली आणि ते कोडं सुटलं.

पाटीच्या आत काय आहे ते भाचीनं समजावलं. ती या पाट्या बनवणाऱ्या कारखान्यातच आहे. बोटाच्या टोकाशी मज्जातंतूंची हजारो टोकं असतात. काहींना दाब कळतो, काहींना कंप, काहींना कातडी कुठल्या बाजूला ओढली जाते ते. मेंदू या तीन खबरी जुळवतो आणि म्हणतो, हे रेशीम, हे पोतं. पाटीवर केसाहून बारीक अशा लाखो मऊ खुंट्या आहेत. वीज मिळाली की त्या सेकंदाला शेकडो वेळा फुगतात आणि बसतात, आणि बोटाला तीच खबर देतात जी खऱ्या कापडानं दिली असती. खालचा एक थर बोटाची ऊब ओढून घेतो, म्हणून पितळ पितळेसारखं गार लागतं. दुसरीकडे विकणाऱ्याच्या पाटीवर माल ठेवला की हीच यंत्रणा उलटी चालते: ती माल चाचपते आणि नोंदवून ठेवते.

या पाट्यांवर उभा राहिलेला लिलावाचा बाजार म्हणजे ‘हातपेठ’. तिथं बघायचं कमी, चाचपायचं जास्त. आवडलं तर बोली लावायची.

आमच्या मालननं हातपेठेत दुकान काढलं ते पहिल्याच वर्षी. मालन माझी शेजारीण, घोंगड्या विणते. खड्डामागात पाय सोडून बसते, चिंचोक्याची खळ लावून ताणा ताठ करते, आणि दिवसभर धोटा इकडून तिकडं. नवरा गेला तेव्हा ती पस्तिशीची होती. माग बंद पडेल असं सगळ्यांना वाटलं. आठव्या दिवशी खट-खट ऐकू आली तेव्हा मी तिच्या घरासमोरच्या पोस्टाच्या खिडकीतून मान बाहेर काढून बघितलं होतं.

घोंगडी चित्रात कशी दिसते? काळं फडकं. पण पाटीवर बोट ठेवलं की खरबरीत लोकर टोचते, आणि क्षणभरानं त्या टोचण्यातूनच ऊब येते. नाशिक, बेळगाव, इंदूर, कुठून कुठून मागणी आली. दुकानाला नाव दिलं होतं सासूचं, ‘गौराबाईची घोंगडी’. गौराबाई तेव्हा हयात होत्या, लोकर कातून द्यायच्या. मोबाइलवर आपलं नाव वाचून म्हणाल्या होत्या, “माझं नाव रेशनकार्डावर बी धड लिवलं न्हवतं कधी.”

पहिली दोन वर्षं अशी गेली. मग फी आली.

मला आठवतं तसं आमच्या शनिवारच्या बाजारात पट्टी गोळा करायला एक माणूस फिरायचा, गळ्यात चामड्याची पिशवी, कानावर पेन्सिल. ज्यानं फडकं अंथरलं त्यानं पट्टी द्यायची. मेथीची जुडी असो की मेंढरू, जागेला तेवढीच. पावती घेतली की त्याचं काम संपलं. गिऱ्हाईक कुणाकडे आधी जाईल हे तो ठरवत नव्हता. हातपेठेनं मांडणीची फी लावली तेव्हा मी मालनला म्हटलं, बाजारपट्टीच आहे ही, दे. तिनं दिली. खरा घाव पुढं होता आणि तो फीपेक्षा बारीक होता.

बोट दमतं. बांगडी घातली की पहिली पाच मिनिटं कळते, मग दिवसभर कळत नाही, तसंच. तीच तीच खबर आली की मज्जातंतू गप्प होतात. पाटीवर तर खबरींचा मारा. कंपनीच्या शास्त्रज्ञांनी प्रामाणिकपणे मोजून सांगितलं, की अकरा-बारा वस्तू चाचपल्या की बोटाला शालू आणि सतरंजी यांत फरक कळत नाही. त्यांनी ते यंत्राचा दोष म्हणून लिहून दिलं होतं. विक्रीखात्यानं तो दोष विकायला काढला. योजनेचं नाव ‘पहिलं बोट’. जो जास्त पैसे देईल त्याचा माल पहिल्या अकरांत, ताज्या बोटाखाली. बाकीच्यांनी मागं थांबायचं, लाकूड झालेल्या बोटाची वाट बघत.

आणि वर्षातून दोनदा ‘मोफत मांडणी पंधरवडा’. छोट्या दुकानदारांसाठी म्हणून. फी माफ झाली की घराघरातून जुने डबे, फुटके आरसे, सगळं मांडलं जायचं. लाखो वस्तू. बोटं सकाळी दहालाच लाकूड. त्या पंधरवड्यात ‘पहिलं बोट’चा भाव मात्र दुप्पट.

मालनची घोंगडी कितव्या जागेवर असायची, ते विचारू नका. त्यातून एक नियम: सहा महिन्यांत एकही विक्री झाली नाही तर दुकान बंद, आणि दुकानाचं नाव मोकळं. मोकळं झालेलं नाव कोणीही घ्यावं.

मालनचे सहा महिने मोफत पंधरवड्यातल्या शेवटच्या शनिवारी, संध्याकाळी सहाला भरत होते.

त्याआधीच्या गुरुवारी संपतराव आला. संपतराव आमच्याच आळीतला, गिरणीची कांबळी विकतो, दररोज ‘पहिलं बोट’ घेतो. वाईट माणूस नव्हे. गौराबाईंच्या तिरडीला खांदा दिला होता त्यानं. मोटारसायकल दारात लावून तो जोत्यावर टेकला.

“वहिनी, शनवारी नाव जाणारच हाय. कुणी परका घेईल. त्यापरास मला द्या. नाव तुमचंच ऱ्हाईल की, फकस्त पाटी माझी. वर तुमचा फोटो लावतो.”

“फोटो लावायला मी मेलीया व्हय?” मालननं धोटा थांबवला नाही.

“तसं न्हवं वो. घरची मानसं म्हणून...”

“आन खाली माल कसला? गिरणीचाच न्हवं?”

“गिरणीचा मऊ असतोय, वहिनी. लोकास्नी मऊ पायजे.”

“मग मऊच नाव ठेव की. ‘संपतरावाचं पोट’ ठेव.”

मला हसू आवरेना. संपतरावही हसला. पण जाताना म्हणाला, “बाई, तुमी तरी समजवा. शनवारी सहाला मी बटणावर बोट ठिवून बसनार. मी न्हाई तर दुसरा.” आणि ते खरं होतं.

तो गेल्यावर मालननं माग थांबवला. कोनाड्यातून लोकरीच्या सुताचं एक गुंडाळं काढलं. गौराबाईंनी कातलेलं शेवटचं. वर्षभर तिनं त्याला हात लावला नव्हता. “शेवटची मांडनी ह्याचीच करू,” म्हणाली, “तिचं नाव, तिचंच सूत. जायचं आसंल तर तसं जाऊ दे.” गुरुवार दुपार ते शनिवार सकाळ ती मागावरून उठली नाही. शनिवारी घोंगडी तयार, काळीभोर, काठाला दोन पांढऱ्या रेघा.

दुपारी तीनला मी तिच्याकडे गेले. ती पाटी घेऊन बसली होती, मोबाइल पुढ्यात. मी चहा टाकायला आत गेले. मोबाइल सूचना वाचून दाखवत होता, तो आवाज आतपर्यंत येत होता. “माल पाटीवर ठेवा.” मग थोड्या वेळानं, “ओळख पटवण्यासाठी हात द्या.”

चहा घेऊन बाहेर आले तर मालन डोळे मिटून बसलेली. घोंगडी पाटीवर पसरलेली, आणि हिचा उजवा हात मनगटापर्यंत घोंगडीखाली.

“अगं, काय करतेस?”

“हात द्या म्हनला की त्यो. देऊन बसलीया.”

आटपाडीबाहेरच्या माणसाला यात काय चुकलं ते कळणार नाही, म्हणून सांगते. हातपेठेची सूचना साधी होती: माल उचला, तळहात पाटीवर टेका, हाताच्या रेषांवरून ओळख पटते. पण आमच्या मेंढरांच्या बाजारात ‘हात देणे’ याचा एकच अर्थ. भाव तोंडानं बोलायचा नाही. विकणारा खांद्यावरची घोंगडी पुढं ओढतो, तिच्याखाली हात धरतो, घेणारा आपला हात आत घालतो. एक बोट धरलं की एक, मूठ धरली की पाच, मधलं पेर दाबलं की अर्धा. बाहेर दोघंही आभाळाकडे बघत पावसाच्या गप्पा मारतात, आत घासाघीस चाललेली. माझे वडील याच बाजारात दलाल होते. लहानपणी पांघरुणाखाली आमचा हाच खेळ चालायचा, मी त्यांना खोटी मेंढरं विकायची. आणि मालनच्या सासऱ्यांना, दादूबांना, म्हातारपणी दिसेनासं झालं तेव्हा ते सुनेला बरोबर नेत. त्या बाजारात हात देणारी बाई ती एकटीच.

“मालन, माल उचलायचा होता आधी,” मी म्हटलं. “नुसत्या हाताच्या रेषा बघायच्या होत्या त्याला.”

“मग तसं म्हनायचं. हात द्या म्हनल्यावर मानूस काय करंल?” ती हात काढू लागली आणि थांबली. चेहरा बदलला. “बाई... कुनीतरी धरला.”

काय झालं ते मला नंतर कळलं. पाटीला घोंगडीचं वजन लागत होतं, म्हणून माल जागेवर आहे असं तिनं धरलं. आणि खाली जे लागलं, खळीनं चरबरीत झालेला तळवा, भोवऱ्या पडलेली बोटं, मधली ऊब, तोच माल समजून पुढं पाठवला. नोंद पुरी झाली नव्हती, म्हणून जसा होता तसा, जिवंत, आणि तिकडचा स्पर्शही इकडं लागत होता. यादीत अगदी शेवटी. आणि तिकडं कुणाच्या तरी बोटाखाली अचानक हात आला होता.

मी चहाचे कप हातात धरून उभी. घोंगडी हलत होती. मालननं सवयीनं मान वर केली, छपराच्या वाशांकडे बघू लागली. ओठ घट्ट. मध्येच नाक मुरडलं. भाव पाडला असणार. मग तिचा दंड जरा ताठ झाला आणि बराच वेळ काहीच हललं नाही. दम धरला होता. चांगली दहा मिनिटं गेली. शेवटी तिनं मोठा श्वास सोडला. “ठरला,” म्हणाली.

मोबाइल वाजला. दुकानाच्या क्रमांकावर फोन आला होता. स्पीकरवर म्हाताऱ्या माणसाचा कानडी वळणाचा आवाज.

“हॅलो, कोन हाय तिकडं? हात आटपाडीचा हाय, पन बाईचा कसा?”

“बाईच हाय. दादूबा घोंगडीवाल्याची सून.”

“दादूबाची? आग यव्वा!” तो माणूस हसला की रडला, फोनवर कळेना. “त्यो बी असंच मधलं पेर दाबायचा आन मग दम धरायचा. मी जतचा सिदाप्पा. चाळीस वर्सं मेंढरं घेतली तुमच्या बाजारात. आता लेकाकडं हाय, बेंगळुरात, चौदाव्या मजल्यावर. नातीनं ही पाटी दिलीया, दिवस जात न्हाई म्हनून. तासभर चाचपत बसलोतो. बोट पार लाकूड झालं, यव्वा. शालू काय आन पोतं काय. ठिवून देनार तवर कुनीतरी हात दिला. खांद्यापातुर जागा झालो बग मी.”

मालननं पदरानं तोंड पुसलं.

मला मात्र घड्याळ दिसत होतं. पावणेचार. विक्री झाली होती, नाव वाचलं होतं! मी म्हटलं, “सिदाप्पा, आता तेवढी बोली टाका. ठरलेला आकडा लिहा, म्हणजे नोंद होईल.”

तिकडून खाकरल्याचा आवाज आला. मग, “कसा लिवू, बाई? बोली उघडी असती तिथं. समदा देश वाचनार.”

“वाचू दे.”

“हातातला भाव तोंडानं सांगायचा नसतोय.”

मी मालनकडे बघितलं. तिनं मान हलवली, त्याच्याच बाजूनं. “त्यांचं खरं हाय, बाई.”

“अगं, सहाला नाव जाईल!”

“ठावं हाय मला.”

मी संतापले. पण मला त्यातलं कळतही होतं. माझे वडील आयुष्यभर दलाली करून गेले, एकाही सौद्याचा भाव त्यांनी आईला सांगितला नाही. घोंगडीखाली जो भाव ठरतो तो त्या दोघांपुरता. कुणाची गरज बघून दोन बोटं सोडलेली असतात, कुणाची ऐट बघून चढवलेली असतात. तो बाहेर फुटला की त्या माणसाची गरजही बाजारात उघडी पडते. मालननं सिदाप्पाला काय भावानं दिली मला माहीत नाही. एवढं दिसलं, की त्याला ती गरज चारचौघांत दाखवायची नव्हती आणि हिला दाखवून द्यायची नव्हती.

मी हातपेठेच्या मदत-क्रमांकावर फोन लावला. चौथ्यांदा कुणीतरी भेटलं, ऋजुता नावाची मुलगी, पुण्याची. आवाज गोड आणि पाठ केलेला. मी सगळं सांगितलं.

“मॅडम, तुमची नोंदणी चुकीची झाली आहे. मी ती रद्द करून देते.”

“आधी हात लावून बघ,” मी म्हटलं.

“सॉरी?”

“तुझ्यापुढं पाटी असेल ना? त्या चुकीच्या नोंदणीवर हात ठेव. मालन, दे गं हात.”

मालननं घोंगडीखाली हात सरकवला. ऋजुतानं आपल्या पाटीवर हात ठेवला. मग तिचा आवाज आला, या वेळी पाठ केलेला नव्हता. “आजी, दिवसाला चारशे वस्तू तपासते हो मी. दुपारनंतर बोटांना काही कळतच नाही. हे... मी वर विचारते. फोन ठेवू नका.”

बारा मिनिटं आम्ही सनई ऐकली. ती परत आली तेव्हा भरभर बोलत होती.

“एक मार्ग आहे. ‘बंद बोली’ म्हणून सोय असते, भाव फक्त दोघांना दिसतो. ती मोठ्या दागिनेवाल्यांना देतात. तुम्हाला आत्ता लगेच द्यायला तयार आहेत. नाव राहील, शिवाय मांडणीची फी कायमची माफ. फक्त काकूंनी हाताचं रेकॉर्डिंग द्यायचं. दोन मिनिटांचं. आमच्या लोकांचं म्हणणं आहे की प्रत्येक जाहिरातीच्या मालाआधी हा हात लावला तर गिऱ्हाइकाचं बोट पुन्हा ताजं होईल.”

“कुनाच्या मालाआधी?” मालननं विचारलं.

“सगळ्यांच्या. जे ‘पहिलं बोट’ घेतात त्यांच्या.”

“संपतरावाच्या कांबळ्याआधी बी?”

“हो... म्हणजे, असू शकेल.”

मालन घोंगडीच्या काठावरून बोट फिरवत राहिली. सव्वाचार झाले होते. मनातून मला वाटत होतं, दे. सासूचं नाव राहील, फीची कटकट जाईल, दोन मिनिटांचं तर काम. मी तिच्या जागी असते तर दिलं असतं. तेवढं इथं कबूल करते.

“पोरी,” मालन म्हणाली, “हात दिला म्हंजी सौदा झाला. मी आत हाय, मी दम धरते, मी सोडते. मी नसताना माझा हात लोकांच्या हातात फिरनार, आन खाली माल भलत्याचाच? त्याला आमच्यात लबाडी म्हनत्यात.”

“पण काकू, नाव जाईल.”

“नाव सासूचं. तिला मी काय सांगायचं ते सांगीन. हात माझा हाय.”

ऋजुतानं काहीतरी टाइप केलं. “मी ‘नाही’ असं कळवते,” म्हणाली. आणि मग अगदी हळू, “काकू, फोन ठेवायच्या आधी एकदा हात द्याल?”

सहाला मोबाइलवर ‘गौराबाईची घोंगडी’ ही अक्षरं फिकी झाली आणि गेली. चार मिनिटांनी परत उमटली, संपतरावाच्या दुकानावर. मालननं ते बघितलं, कप विसळले, आणि म्हणाली, “बाई, तुमास्नी पार्सल शिवता येतंय न्हवं?”

येतं. मी घरून मांजरपाट, दाभण आणि जपून ठेवलेली लाख आणली. घोंगडी शिवली, पाच ठिकाणी सील केलं, वर सिदाप्पाचा पत्ता लिहिला, बेंगळुरू, चौदावा मजला. दुकानच बंद झालं होतं, तेव्हा हातपेठेला विचारायचंही कारण नव्हतं. सोमवारी पोस्टातल्या मुलानं लाखेकडे बघून विचारलं, “आजी, हे काय?” मी म्हटलं, “तू तोल आणि शिक्का मार.” घोंगडी पोचल्यावर सिदाप्पानं नातीकडून पैसे पाठवले. किती, ते मालननं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

दोन आठवड्यांनी तिनं नवं दुकान काढलं. ‘दुकानाचं नाव’ या रकान्यात काही लिहिलंच नाही, नुसता तळहात टेकवला. यंत्रानं ते कसं काय स्वीकारलं देव जाणे. जागा कुठली हवी म्हणून विचारलं तेव्हा तिनं निवडली शेवटची. शेवटच्या जागेला कुणीच पैसे देत नाही, म्हणून ती फुकट असते.

आणि यातच खरी गंमत होती. पहिल्या जागेवरच्या मालाला ताजं बोट लागतं. मालनला लागत नव्हतं. दमलेलं, लाकूड झालेलं बोटच तिच्याकडे यायचं, आणि अकरा-बारा मालांनंतर एकाएकी एक जिवंत हात ते धरायचा. मज्जातंतू दमतात ते त्याच त्याच खबरीला. हात तसा नसतो. तो दर क्षणाला वेगळं काही सांगतो, वाट बघतो, उत्तर देतो. भाचीनं तिच्या कारखान्यातल्या लोकांना हे विचारलं तेव्हा ते म्हणाले, आम्ही पाटी तर याचसाठी केली होती, मग मधे माल आला. मला ती माणसं तेव्हा फार आवडली.

आता दर शनिवारी, बाजाराच्या वेळेला, दुपारी दोन ते पाच मालन घोंगडीखाली हात घालून बसते. फक्त शनिवारी, फक्त स्वतः. सिदाप्पानं बातमी जत, सांगोला, पार विजापूरपर्यंत पोचवली. जुने मेंढरंवाले, त्यांची नातवंडं, आणि ज्यांना या खुणा ठाऊकही नाहीत अशी शहरातली माणसं, सगळी येऊ लागली. त्यांना मालन तिथल्या तिथं शिकवते, बोट दाबून. सुरुवातीला भाव कुणी लिहिलाच नाही, घोंगड्या मी शिवलेल्या पार्सलांतूनच गेल्या. गर्दी एवढी वाढली की सहा महिने भरायच्या आतच हातपेठेनं ‘बंद बोली’ सगळ्यांना मोकळी केली, लहान दुकानदारालासुद्धा, जादा फी न लावता. कंपनीला उपरती झाली असं मी म्हणणार नाही. गर्दी दिसली. पण आज पैठणचा पैठणीवाला आणि सावंतवाडीचा खेळण्यांवालाही शनिवारी हात देऊन बसतात, ते मालनच्या एका चुकीमुळे. बघितलं की मला बरं वाटतं.

संपतराव मध्यंतरी आला होता. त्या नावाखाली लोक खरबरीत घोंगडी शोधत येतात, गिरणीचं मऊ लागलं की ‘पहिलं बोट’ घेऊनही कुणी थांबत नाही. “वहिनी, नाव परत घ्या,” म्हणाला. “बोजा झालाय नुसता.”

“ऱ्हाऊ दे तुझ्याकडं,” मालन म्हणाली. “सासूला बी शेवटच्या आजारात गिरणीचंच कांबळं मऊ लागायचं. तुझ्याकडनंच आनलं होतं, विसरलास व्हय?” तो खजील होऊन चहा पिऊन गेला.

गेल्या शनिवारी गुडघे फारच कुरकुरत होते, म्हणून मी मालनकडे गेले नाही. चार घरांचं तर अंतर. माझ्या ओट्याशी उभी राहिले, पाटी ओढली, शेवटच्या जागेवर गेले आणि हात ठेवला. खळीचा चरबरीतपणा आधी लागला, मग ऊब. तिला ओळख पटली असावी, कारण पहिल्यांदा तिनं नुसताच हात दाबला. मी तिचं एक बोट धरलं. तिनं झटकलं आणि माझी मूठ धरली. मी मधलं पेर दाबलं, आणि वडिलांनी शिकवलं होतं तसं छताकडे बघत दम धरला. दूध उतू जात होतं, जाऊ दिलं.

बराच वेळ गेला. मग तिनं तळवा माझ्या तळव्यावर टेकवला. ठरला.

नवी घोंगडी आता माझ्या अंगावर आहे, काळी, काठाला दोन पांढऱ्या रेघांची. टोचते, आणि मग ऊब देते. भाचीनं काल फोनवर विचारलं, केवढ्याला घेतलीस गं? मी तिच्याशी पावसाच्या गप्पा मारत राहिले.